यामिनीचा शेरा

यामिनी कर्णिकला "काही शंका आहे का?" असं कोणी विचारू नये. विचारलं की ती सांगते. हातचं राखून नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मुद्द्याला मुद्दा जोडून सांगते. पुण्यात, कर्वेनगरात, हे खपतं. तिथे समोरचाही तेवढंच ऐकवतो आणि मग दोघं मिळून चहा पितात. जपानात मात्र हा प्रश्न म्हणजे आपण निघताना 'येते हं' म्हणतो ना, तसा. त्याचं उत्तर ठरलेलं असतं, 'तोकुनि अरिमासेन', म्हणजे 'विशेष काही नाही', आणि वर कमरेत वाकायचं. संपलं! आठ वर्षं या देशात काढलेल्या, जपानीची सगळ्यात वरची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालेल्या बाईला हे कळू नये? मला अजून तिचा राग येतो.

मी कुमुदिनी. टोकियोत, ओजिमाच्या दांचीत, म्हणजे सरकारी भाड्याच्या वसाहतीत, सहाव्या मजल्यावर मी आणि माझा नवरा रविकांत, आणि आमच्या खाली पाचव्यावर यामिनी आणि तिची मुलगी मैत्रेयी. लग्नाआधी आणि नंतरही, मिळून अकरा वर्षं मी वीज बोर्डात कारकून होते. रविकांतचं कॉन्ट्रॅक्ट जपानात आलं तशी नोकरी सोडून इकडे आले, आणि आता सकाळी डब्यांच्या कारखान्यात बाइतो, म्हणजे तासांवरचं काम करते, चार तास भातावर लोणचं ठेवते. तेव्हा वीज म्हणजे काय आणि सरकारी कागद म्हणजे काय, हे मला कोणी शिकवू नये.

२०११ च्या मार्चमध्ये तो मोठा भूकंप झाला त्या दुपारी मैत्रेयीला शाळेतून मीच आणलं. पहिलीतली पोर, डोक्यावर भूकंपासाठी शाळेत देतात ती गादीसारखी जाड टोपी, एक अक्षर बोलेना. यामिनी चार तास चालत घरी पोचली. लिफ्ट बंद होती, धक्के चालूच होते, वर जायची भीती, म्हणून आम्ही तिघी जिन्यात बसून राहिलो, आणि तिथे बसल्या बसल्या आमची मैत्री झाली. तिचा नवरा सौमित्र त्याआधीच वेगळा होऊन परत गेला होता, तेव्हा तिला तरी कोण होतं! भूकंपानंतर अणुभट्ट्या बंद पडल्या, आणि पुढे उन्हाळाभर टोकियो अर्ध्या दिव्यांत. दुकानं अंधारी, स्टेशनचे सरकते जिने थांबलेले. लोडशेडिंगवर वाढलेल्या मला त्यात काय नवल? पण यामिनी त्या अंधाराने झपाटली. तिने पीएचडीचा विषयच बदलला. देशाने वीज कशातून करावी, किती धूर सोडावा, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडायचं हे तिचं काम झालं. पुढे अशाच एका संस्थेत ती लागली. संस्था गणित करायची, गणित मंत्रालयाकडे जायचं, मंत्रालय ते एका समितीपुढे ठेवायचं, समिती मान हलवायची, आणि ते देशाचं धोरण व्हायचं. समितीत कोण बसणार हे मंत्रालयच ठरवायचं, आणि समितीपुढचा कागदही मंत्रालयच लिहायचं. "म्हणजे नवरीही तेच, भटजीही तेच," मी म्हणाले होते. यामिनी हसली होती. तेव्हा हसू यायचं.

तिची नोकरी एकेका वर्षाच्या कराराची. दर जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ओकुमुरा-सान, म्हणजे तिचे विभागप्रमुख, एक निळं फोल्डर तिच्या टेबलावर ठेवायचे. आत पुढच्या वर्षाचा करार. त्यावर शिक्का उमटला की व्हिसा, व्हिसा राहिला की घर, घर राहिलं की मैत्रेयीची शाळा. एका फोल्डरवर सगळा संसार. मैत्रेयी तिसऱ्या वर्षी इथे आली. तिला मराठी कळतं, बोलते मोडकं, बहुतेक उत्तरं जपानीतच देते, आणि देवनागरी म्हणाल तर 'अ'सुद्धा नाही. पाचवीत होती. पुढच्या वर्षी सहावीची निक्कोची सहल, त्याची तिने आत्तापासूनच यादी केलेली. करार गेला तर ही पोर जूनमध्ये पुण्याच्या कुठल्या वर्गात बसणार होती? बालवाडीत?

ती २०१५ सालची जानेवारी. भूकंपाला चार वर्षं होत आली होती. देशातल्या सगळ्या अणुभट्ट्या थंड, कोळसा आणि गॅस बोटी भरभरून येत होता, आणि २०३० साली वीज कशाची असेल ते समितीला ठरवायचं होतं. यामिनीने गणित केलं. उत्तर आलं: सूर्याची वीज एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून अणुभट्ट्या पुन्हा चालू करा, नाहीतर धूर वाढेल आणि घरोघरची बिलं वाढतील.

"मग बरोबरच आहे की," मी म्हणाले.

"ताई, मी अणुविजेच्या विरुद्ध नाही. कदाचित भट्ट्या लागतीलही. पण ती सूर्याची मर्यादा माझ्या गणितातून आलेली नाही. ती मला वरून ईमेलने आली. हा आकडा वापरा, म्हणाले. मी वापरला. आता कागदावर तो उत्तर म्हणून छापलाय!"

म्हणजे डब्यात दोनच वाट्या डाळ ठेवायची आणि पाहुण्यांना सांगायचं, बघा, या घरात दोन वाट्यांच्या वर डाळ शिजतच नाही. हे मला लगेच कळलं. बोर्डात आमचे साहेब बाळासाहेब जगदाळे म्हणायचे, "कुमुदिनीबाई, बोललेलं वाऱ्यावर जातं, शेरा फाईलवर राहतो." यामिनीलाही तेवढंच हवं होतं, एक शेरा. पानाखाली बारीक अक्षरात एक ओळ, की ही मर्यादा आधी घातलेली आहे. ओकुमुरा-साननी ती ओळ दोनदा काढली. "जागा कमी आहे," म्हणाले.

आता जपानात सभा ही ठरवायची जागा नसते. सभेआधी प्रत्येक सभासदाकडे कागद घेऊन जायचं, नीट समजावायचं, त्याचा मान ठेवायचा. लग्नाआधी आपण मानापमानाचं सगळं उरकून घेतो, तसंच. मग सभेत कोणी रुसत नाही. नेमावाशी म्हणतात त्याला. त्या आठवड्यात ओकुमुरा-सानना इन्फ्लुएंझा झाला, पाच दिवस ऑफिसची बंदी. म्हणून समितीतले सगळ्यात वयस्कर सभासद, हायाशिदा सेन्सेई, म्हणजे हायाशिदा सर, यांच्याकडे यामिनीला एकटीला पाठवलं. "फक्त दाखवून या," ओकुमुरा-सान फोनवर म्हणाले.

सेन्सेई अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, उरायासुला राहणारे. भूकंपात तिथली भरावाची जमीन चिखलासारखी पातळ झाली होती, आणि त्यांचं घर अजून थोडं कललेलं होतं. टेबलावरची पेन्सिल आपोआप घरंगळत होती आणि ते दर वेळी बोलता बोलता ती परत वर ठेवत होते. यामिनीने कागद दाखवला. सेन्सेईंनी चष्मा काढला, चहा पुढे केला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही खटकतंय का यात?"

झालं! वीस मिनिटं. ईमेल, मर्यादा, मर्यादा थोडी वर केली तर काय होतं, ती न छापलेली ओळ, सगळं. तेही उत्तम, आदरार्थी जपानीत. घरी येऊन मला सांगताना तिचे डोळे चमकत होते. "ताई, त्यांनी वहीत लिहून घेतलं!"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. "अगं बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला केलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं!"

"पुण्याच्या माणसाला विचारायचीच चोरी!" मी ओरडलेच. मैत्रेयी माझ्या टेबलावर गृहपाठ करत होती. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं आणि जपानीत विचारलं, भांडताय का? "नाही गं," आम्ही दोघी एकदम म्हणालो.

शुक्रवारी निळं फोल्डर यायचं होतं. आलं नाही. सोमवारी ओकुमुरा-सान बरे होऊन आले. तिला पाहून वाकले, तब्येतीची चौकशी केली, आणि गेले. शेजारच्या टेबलांवर निळी फोल्डरं पडली. तिच्या टेबलावर नाही. मग तिला सभांचे ईमेल येणं थांबलं. कोणी एक शब्द वावगा बोलेना, आणि त्याचीच भीती वाटायची. आपल्याकडे साहेब निदान खेकसतो, माणसाला कळतं कुठे उभे आहोत ते. इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार. यामिनी रोज संध्याकाळी मैत्रेयीला न्यायला वर यायची आणि मी दार उघडल्या उघडल्या तिच्या तोंडाकडे बघायची. ती नुसती मान हलवायची. कारखान्यात मी एकाच डब्यात दोनदा लोणचं ठेवलं. सुपरवायझरनेही विचारलं, बरं नाही का?

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ओकुमुरा-साननी तिला छोट्या खोलीत बोलावलं. टेबलावर निळं फोल्डर होतं, बंद.

"कर्णिक-सान, सेन्सेईंचा फोन आला होता. तुमचं जपानी चांगलंच आहे," ते म्हणाले. "पण इतक्या तांत्रिक विषयात शब्दांचा घोटाळा होऊ शकतो, नाही का? माझं जपानी कमी पडलं, त्यामुळे सेन्सेईंचा गैरसमज झाला असावा, असं एक पत्र तुमच्याकडून त्यांना गेलं तर सगळ्यांचीच सोय होईल."

एवढं बोलून ते उठले आणि फोल्डर बरोबर घेऊन गेले. माणूस वाईट नाही हो तो. त्यानेच मैत्रेयीला शाळेचं दप्तर दिलं होतं, त्याच्या मुलीचं, लाल. त्यालाही वर कोणीतरी असणारच आणि त्याच्याही वर आणखी कोणी. कोणी एकजण वाईट असता तर शिव्या तरी घालता आल्या असत्या.

"लिही," मी म्हणाले. मी सांगितलं तिला, हे मी लपवणार नाही. "लिही आणि मोकळी हो. पोरीकडे बघ."

"ताई, मी सहा वर्षं रात्रंदिवस घासून ही भाषा शिकले. आणि मला येत नाही असं लिहू? तुम्हीच म्हणता ना, शेरा फाईलवर राहतो. मग हाही राहील."

"राहू दे! जळो ती भाषा. मैत्रेयीला पुण्यात बालवाडीत बसवणार आहेस का?"

मला वाटतं तेवढं एक वाक्य मी बोलायला नको होतं, पण मग काय बोलायला हवं होतं ते मला आजही सुचत नाही.

रविवारी माझ्याच टेबलावर बसून तिने पत्र लिहिलं. हाताने, ब्रशपेनने. ऋतूचा उल्लेख, प्लमचा बहर आलाय, आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी, मग माझ्या अपुऱ्या जपानीमुळे आपल्याला तसदी झाली. एक कागद खराब झाला, दुसरा घेतला. तोही पसंत पडेना, तिसरा घेतला. मला वाचता येत नव्हतं, पण अक्षर असं की फ्रेम करून लावावं.

"अगं, जपानी येत नाही असं लिहितेस ना? मग दोन चुका तरी घाल!"

तिने पेन कागदावर धरलं. खूप वेळ धरलं. "नाही होत, ताई. हातच धजत नाही."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय! पत्र तसंच, बिनचूक गेलं.

ओकुमुरा-सान दुसऱ्या दिवशी हसले. फोल्डरचं काय, असं तिने धीर करून विचारलं तर म्हणाले, "एकोणीस तारखेची समिती होऊन जाऊ दे. मग बसू." मला जरा बरं वाटलं. यामिनीला वाटलं की नाही कोण जाणे. ती त्या दिवसांत जेवताना घास हातात धरून बसायची. मैत्रेयी निक्कोच्या माकडांविषयी बोलत असायची आणि ती हं हं म्हणायची.

एकोणीस तारखेला समिती दुपारी चारला होती. हल्ली या सभा इंटरनेटवर दाखवतात. भूकंपानंतर लोक फार चिडले होते, तेव्हापासून. मैत्रेयी शाळेतून आली, मी तिला थालीपीठ दिलं आणि आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसलो. कारखान्यातलं जपानी मला येतं, पण हे समितीचं जपानी म्हणजे सोवळ्यातली भाषा. त्यामुळे दुभाषी मैत्रेयी. कॅमेरा एकच, कोपऱ्यातला. चौकोनी टेबलाभोवती सभासद, प्रत्येकापुढे नावाची पाटी, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर कागद सांभाळणारी माणसं. त्यात ओकुमुरा-सान, आणि त्यांच्या मागे यामिनी, काळ्या सुटात, गुडघ्यांवर हात.

"आई!" मैत्रेयीने पडद्यावर बोट ठेवलं. तेलाचा डाग पडला.

बोलायचं असलं की सभासदाने आपली पाटी उभी करायची, मग अध्यक्ष नाव घेतात, प्रत्येकाला तीन मिनिटं. एकेकजण बोलत होता. "हे आजोबा म्हणतात, कागद छान आहे," मैत्रेयी सांगत होती. "ह्या पण म्हणतात, छान आहे. मावशी, बोअर." मी घड्याळ बघत होते. साडेपाच झाले. आता संपेल, फोल्डर येईल, मी खीर करेन, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं. आणि टेबलाच्या टोकाला एक पाटी उभी राहिली. हायाशिदा सेन्सेई.

ते हळू बोलत होते. मैत्रेयीला ते बरं पडलं. "ते म्हणतात... सूर्याच्या विजेची जी लिमिट आहे, ती गणितातून आली, का गणिताच्या आधी घातली?"

मंत्रालयाचा अधिकारी कागद चाळायला लागला. मागच्या एकाने येऊन त्याच्या कानात सांगितलं. त्याने पुन्हा चाळले.

"तो म्हणतो, आधी घातली."

सेन्सेई पुन्हा बोलले. "मग तसं लिहा, म्हणतात. ज्यांच्या घरी बिल येणार, ज्यांची मुलं इथे राहणार, त्यांना कळलं पाहिजे." अध्यक्षांनी मान हलवली, खाली टीप घालू म्हणाले. आला! शेरा आला! मी खुर्चीत टाळी वाजवली. वाटलं, म्हाताऱ्याने काम केलं आणि हिचं नावही नाही घेतलं, देव भलं करो त्याचं.

पण पाटी अजून उभीच होती.

"मावशी, ते आईचं नाव घेतायत! कर्णिक-सान म्हणाले!" मैत्रेयी खुर्चीवर उभी राहिली. "म्हणतात, हे मला कर्णिक-साननी सांगितलं. मग त्यांचं लेटर आलं की... की माझं जपानी वाईट आहे, म्हणून चूक झाली. पण मी पन्नास वर्षं स्टुडंट्सची लेटर्स वाचली. इतकं सुंदर लेटर कधी नाही वाचलं. ज्या माणसाला असं लिहिता येतं, त्याने सांगितलेलं चुकीचं नाही. सगळ्यांसमोर मी थँक यू म्हणतो." ती माझा हात ओढायला लागली. "मावशी, आईला प्राइज मिळणार का?"

भीक नको पण कुत्रं आवर, असं मी त्या देवमाणसाला मनात म्हणाले. त्यांनी ते पत्र वाचलं होतं, ते तिच्याकडून लिहून घेतलंय हे ओळखलं होतं, आणि आपल्या परीने तिची बाजू घेतली होती. आयुष्यभर कायम नोकरीत राहिलेल्या माणसाला वर्षाच्या कराराची काय कल्पना? पडद्यावर ओकुमुरा-सान हलले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मागे यामिनी उठून उभी राहिली होती, कमरेत वाकली होती, आणि बराच वेळ वर आलीच नाही.

"मिळेल हं," मी मैत्रेयीला म्हणाले. "बस खाली, पडशील."

साडेसातला यामिनी आली. बूट काढून तशीच दारातल्या पायरीवर बसली. तिनेच सांगितलं. "ओकुमुरा-सान मला लिफ्टपर्यंत सोडायला आले, ताई. खूप खाली वाकले. आजवर फार मदत झाली, म्हणाले. पुण्याला आता ऊन वाढेल, जपून राहा म्हणाले."

"आणि फोल्डर?"

ती हसली. मी तिला पाणी दिलं. मला तिला म्हणायचं होतं की मी तुला ते पत्र लिहायला लावलं, माझंच चुकलं, पण पत्र नसतं लिहिलं तरी फोल्डर यायचं नव्हतंच, असं एक मन मला सांगत होतं आणि दुसरं मन ऐकत नव्हतं. तेवढ्यात मैत्रेयी धावत आली आणि आईच्या गळ्यात पडली. शाळेत उभं राहून म्हणतात तसं सेन्सेईंचं सगळं बोलणं तिने जपानीत घडाघडा म्हणून दाखवलं. पाठच केलं होतं तिने.

यामिनीने ते सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मग ती म्हणाली, "आता मराठीत सांग."

मैत्रेयी अडखळली. "माझ्या आईचा पत्र... आईचं पत्र, खूप सुंदर. म्हणून आई... चुकली नाही."

"पुन्हा सांग."

"आईचं पत्र खूप सुंदर. आई चुकली नाही."

यामिनीने माझ्या भिंतीवरचं कचऱ्याच्या वारांचं वेळापत्रक मागितलं, मागच्या वर्षीचं, त्याची मागची बाजू कोरी होती. पर्समधून तेच ब्रशपेन काढलं. पोरीला मांडीवर घेतलं, अकरा वर्षांची घोडी ती, मावेना सुद्धा, आणि तिचा हात आपल्या हातात धरून कागदावर मोठा 'आ' काढला.

"हे कशाला?" मैत्रेयीने विचारलं.

"लागेल," यामिनी म्हणाली, आणि तिचा हात धरून 'ई' काढायला लागली.